कोलनच्या पलीकडे

शेतीच्या फिडरला थ्री फेज लाईट काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, ही पाळी गंगापूर तालुक्यातल्या प्रत्येक मोटरवाल्याला तोंडपाठ असते. सौर कृषी वाहिनीतून दिवसाचा पुरवठा जिथे सुरू झाला तिथे ती मोडते आहे. बाकी ठिकाणी रात्री दोनला उठायचं, बॅटरी घ्यायची आणि पायाखाली साप-किरडू बघत विहीर गाठायची, हे अजून चालूच आहे. या जाचातून सुटका म्हणून ऑटो आला. लाईट आली की मोटर आपोआप चालू. महावितरण ऑटो लावू नका म्हणून सांगत असतं आणि ते रास्तच आहे. एका डीपीवरच्या सगळ्या मोटरींना ऑटो असला की लाईट येताक्षणी सगळ्या एकदम उठतात, आणि उठताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. डीपी जळाला की नवा येईपर्यंत पिकाचं काय होतं, ते इथल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

मी या स्टार्टरच्या पेटीत बसणारी कार्डं बनवते. माझ्या कार्डात लाईट आल्या-आल्या मोटर लागत नाही; प्रत्येक कार्डाच्या नंबरावरून काढलेला उशीर वेगळा असतो, त्यामुळे एका डीपीवरची सगळी कार्डं एकाच सेकंदाला जागी होत नाहीत. शिवाय एखादा फेज गेला, फेज उलटे आले, मोटरवर बोजा जास्त झाला किंवा विहिरीतलं पाणी संपून मोटर कोरडी चालायला लागली, तर कार्ड मोटर बंद करतं. नोकरी आधी वाळूजला होती. वाळूजची औद्योगिक वसाहत गंगापूर तालुक्यातच येते हे बाहेरच्यांना माहीत नसतं. बजाजचा कारखाना तिथे १९८५ला आला आणि त्याच्या मागोमाग सुट्या भागांची दुनिया उभी राहिली. १ एप्रिल २०२०पासून बीएस-सहा लागू झाल्यावर दुचाकीतही इंजिन चालवायला कॉम्प्युटर आला आणि आमच्यासारख्या फर्मवेअरवाल्यांची विचारपूस वाढली. ते चाललेलं असताना मी गंगापुरात परत येऊन मोटरीच्या पेट्यांत का शिरले, हा घरचा विषय आहे. इथे नको.

कार्डावरची चिप साधी आहे: अॅटमेगा ३२८पी. आठ बिटांची, ३२ रजिस्टरांची, एव्हीआर घराण्यातली. ट्रॉन्डहाइमला शिकणाऱ्या आल्फ-एगिल बोगेन आणि वेगार्ड वोलान या दोन नॉर्वेजियन विद्यार्थ्यांच्या डोक्यातून हे घराणं निघालं, अॅटमेलने नव्वदीच्या दशकात ते बाजारात आणलं, आणि २०१६ला अॅटमेलच मायक्रोचिपच्या पोटात गेली. आर्डुइनोच्या निळ्या बोर्डामुळे ही चिप आता शाळेच्या प्रदर्शनातही दिसते. तिच्यावरचा माझा जवळजवळ सगळा प्रोग्राम सी भाषेत आहे. थोड्या ओळी मात्र सीच्या मधोमध असेम्ब्लीत घुसवलेल्या आहेत. मला जे सांगायचं आहे ते या ओळींबद्दल.

डिप्लोमाला आम्हाला ८०५१ या चिपची असेम्ब्ली होती. कोणती संख्या कोणत्या रजिस्टरात ठेवायची हे आपण ठरवायचं, तिथे दुसरं कुणी नसतं. इनलाइन असेम्ब्लीत असं चालत नाही. तिथे ३२ रजिस्टरांचा कारभार कंपायलरच्या हातात असतो. तुमच्या चार ओळींच्या आधी आणि नंतर त्याचा संसार मांडलेला असतो. म्हणून तुम्ही रजिस्टरचं नाव घ्यायचंच नाही. सूचना लिहायची, रजिस्टरच्या जागी टक्क्याचं चिन्ह आणि एक आकडा टाकायचा, आणि मग कोलन देऊन सांगायचं: %० म्हणजे माझं उत्तर, ते या जातीच्या रजिस्टरात चालेल, %१ आणि %२ म्हणजे मला लागणाऱ्या किमती, त्या त्या जातीच्या रजिस्टरांत दे. पहिल्या कोलननंतर बाहेर येणारं, दुसऱ्यानंतर आत जाणारं, तिसऱ्यानंतर या भानगडीत आणखी काय-काय बिघडतं त्याची यादी. ही तिसरी यादी म्हणजे सातबाऱ्यावरचा इतर अधिकाराचा रकाना. जमीन कितीही चांगली असो, घेणारा शहाणा असेल तर आधी तिथे बोट ठेवतो.

यातली खरी गोम शिकवताना कुणी सांगत नाही. कंपायलर तुमच्या सूचना वाचतच नाही. अवतरणचिन्हांतला मजकूर त्याच्या लेखी निव्वळ अक्षरं. टक्क्याच्या जागी रजिस्टरचं नाव भरतो, किती ओळी आहेत ते मोजून लांबीचा अंदाज घेतो, आणि तो मजकूर तसाच पुढे असेम्बलरकडे ढकलतो. तुम्ही आत गुणाकार केला की घरच जाळलं, त्याला पत्ता नाही. त्याला कळतं ते कोलनच्या पलीकडे लिहिलेलं, आणि त्यावर तो शब्दशः विश्वास ठेवतो.

आता हे मला जिच्यामुळे कळलं ती विहीर. कायगाव टोक्याच्या अंगाला, नाथसागराच्या बॅकवॉटरपासून फार लांब नाही. जायकवाडीत पाणी असलं की त्या पट्ट्यातल्या विहिरींना तोटा नसतो. उन्हाळ्यात बॅकवॉटर मागे सरकतं तेव्हा लोक मोटरी उचलून पुढे नेतात, चर खोदतात, पाइप वाढवतात. कोरडी मोटर चालून जळण्याचे प्रकार तेव्हाचे. हा फोन आला तो ऐन रब्बीत, कांद्याला पाणी चालू असताना.

"ताई, विहीर काठोकाठ हाये, अन् तुमचं कार्ड म्हणतंय पाणी संपलं. मोटर पाच मिनटं बी चालू देईना."

कार्ड नवं होतं, नुकताच सुधारलेला प्रोग्राम टाकून दिलेलं. मी गेले. मोटर पाच एचपीची. वायरमन लोकांचा ठोकताळा असा की थ्री फेजला एचपीमागे दीड अँपिअर, म्हणजे साडेसातच्या आसपास हवेत. टाँग टेस्टर लावला तर ७.८, अगदी निरोगी. कार्डाच्या पडद्यावर ३.४. कोरडी चालण्याची मर्यादा पाचवर लावलेली, त्यामुळे कार्डाने मोटर बंद केली ती त्याच्या दृष्टीने बरोबरच. पडद्याकडे बघत उभी राहिले तर आणखी एक गोष्ट दिसली. टाँग टेस्टरवर आकडा दशांशाने हलला की पडद्यावरचा त्याच्या दुपटी-तिपटीने उडी मारायचा. सेन्सर मेला असता तर आकडा असा नाचला नसता. दादांना ऑटो बाजूला करून हाताने मोटर चालू करून दिली आणि कार्ड पिशवीत घालून आणलं.

टेबलावर आणल्यावर कार्ड शहाण्यासारखं वागायला लागलं. माझ्याकडे तपासणीचा बोजा म्हणजे ५०० वॅटचा हॅलोजन, तो सव्वादोन अँपिअरच्या आसपास ओढतो. पडद्यावर २.२. काही तक्रार नाही. टेबलावर पाच एचपीची मोटर कुठून आणायची? पण करंट मोजणारा सीटी म्हणजे भोक असलेलं वेटोळं. त्यातून वायर एकदा न नेता दोनदा नेली की त्याला करंट दुप्पट वाटतो. रिपेअरिंगवाल्यांची ही जुनी युक्ती. दोन वेढे दिले: यायला हवेत ४.३, आले २.०. एका वेढ्यापेक्षाही कमी! तीन वेढे: हवेत साडेसहा, आले ६.४. चार वेढे: हवेत ८.७, आले ६.०. कागदावर हे चार आकडे एकाखाली एक लिहिले आणि सेन्सरवरचा संशय पूर्ण गेला. लोखंड आणि तांबं असं खोटं बोलत नाही. असं कापून-जोडून खोटं बोलणं हे आकडेमोडीचं काम.

आकडेमोड कुठली ते शोधायला वेळ लागला नाही. करंटचा कच्चा आकडा ० ते १०२३ मध्ये येतो, म्हणजे दहा बिट. प्रत्येक सीटी थोडा वेगळा, म्हणून प्रत्येक कार्डासाठी एक दुरुस्तीचा गुणक साठवलेला असतो. कच्च्या आकड्याला गुणकाने गुणायचं आणि २५६ने भागायचं. या कार्डाचा गुणक होता २००. दहा बिटांना आठ बिटांनी गुणलं तर अठरा बिट होतात, सोळात मावत नाहीत, आणि सीमध्ये सरळ लिहायचं तर ३२ बिटांचा गुणाकार बोलवावा लागतो. पहिलं कार्ड अॅटमेगा ८वर होतं. त्यात प्रोग्रामला आठच किलोबाइट जागा. तेव्हा बाहेरून ज्याच्याकडून प्रोग्राम लिहून घेतला त्याने इथे हात राखला होता आणि हा गुणाकार असेम्ब्लीत बसवला होता. माणूस कसबी होता, ते त्याच्या ओळींवरून दिसतं.

त्या ओळी अशा. कच्च्या आकड्याचा खालचा बाइट गुणिले गुणक. चिप गुणाकाराचं उत्तर नेहमी रजिस्टर ० आणि १ मध्ये ठेवते. त्यातला वरचा बाइट उचलून उत्तराच्या खालच्या बाइटमध्ये ठेवायचा. मग कच्च्या आकड्याचा वरचा बाइट गुणिले गुणक. आलेलं त्यात मिळवायचं, हातचा उत्तराच्या वरच्या बाइटमध्ये न्यायचा. शेवटी रजिस्टर १ पुसून शून्य करायचं, कारण कंपायलर ते कायम शून्य आहे असं धरून चालतो. हे शेवटचं भले-भले विसरतात. तो विसरला नव्हता.

कागदावर मी ६००चा आकडा चालवून बघितला. वरचा बाइट २, खालचा ८८. पहिला गुणाकार १७६००, त्याचा वरचा बाइट ६८. दुसरा गुणाकार २ गुणिले २००, म्हणजे ४००. बेरीज ४६८, आणि पडद्यावर दाखवताना कार्ड करतं तसं साठने भागलं की ७.८ अँपिअर. टाँग टेस्टरचाच आकडा. सूचना बरोबर होत्या. त्या वर्षानुवर्षं बरोबर चालतही होत्या.

मग कंपायलरने शेवटी काय लिहिलं त्याची यादी काढली. सी प्रोग्रामर सहसा ती उघडत नाहीत. मी मात्र इनलाइन असेम्ब्ली असलेल्या फाईलची यादी उघडल्याशिवाय आता कार्ड बाहेर सोडत नाही. गुणक रजिस्टर २४मध्ये होता. उत्तराचा खालचा बाइटही रजिस्टर २४मध्येच ठेवायचा होता. म्हणजे पहिल्या गुणाकारानंतर ६८ ठेवला तो थेट गुणकाच्या डोक्यावर. दुसरा गुणाकार २ गुणिले २०० न होता २ गुणिले ६८ झाला. १३६ अधिक ६८, २०४. साठने भागा: ३.४. विहिरीवरचा आकडा बरोबर मिळाला, आणि जीव भांड्यात पडला.

कंपायलरने असं का करावं? त्याला तसं सांगितलेलं होतं म्हणून. जीसीसीचा नियम असा: वेगळं काही सांगितलं नसेल तर तो धरून चालतो की तुमच्या ओळी आधी आत जाणाऱ्या सगळ्या किमती वापरून संपवतात आणि मगच उत्तर लिहायला घेतात. एकाच सूचनेचं काम असेल तर हे खरंच असतं. तेव्हा नंतर कुणाला न लागणाऱ्या किमतीच्याच रजिस्टरात तो उत्तराला जागा देतो. बचत आहे, चलाखी आहे, आणि गैर काहीच नाही. आमच्या ओळींमध्ये मात्र उत्तराचा अर्धा भाग लिहून झाल्यावर गुणक पुन्हा लागत होता. हे कंपायलरला कळवायचं चिन्ह आहे, उत्तराच्या घोषणेत बरोबरच्या चिन्हापुढचं &. म्हणजे हे उत्तर मी लवकर लिहिते, याला आत येणाऱ्या कुणाचीही जागा देऊ नकोस. ते चिन्ह तिथे नव्हतं.

मग इतकी वर्षं चाललं कसं? याचं उत्तर मला त्या दोषापेक्षा जास्त मोलाचं वाटतं. आधी कच्चा आकडा या गुणाकारानंतर कुठेच लागत नव्हता, म्हणून कंपायलर उत्तराला कच्च्या आकड्याच्याच दोन रजिस्टरांची जोडी देत असे. ती जोडी दिली तर काही बिघडत नाही: खालचा बाइट लिहिला जातो तोवर त्याचं काम झालेलं असतं, वरचा लिहिला जातो तोवर त्याचंही. नव्या प्रोग्राममध्ये मी एक ओळ वाढवली होती, मोटर बंद पडली तर शेवटचे काही कच्चे आकडे जपून ठेवणारी. त्या ओळीमुळे कच्चा आकडा पुढेही लागायला लागला, त्याची जागा अडली, आणि उत्तर गुणकाच्या जागेवर जाऊन बसलं. माझी ओळ गुणाकाराच्या फंक्शनला शिवतही नव्हती. आणि हॅलोजनवर सगळं छान दिसत होतं, कारण २५६च्या आत कच्च्या आकड्याचा वरचा बाइट शून्य असतो आणि शून्याला कशानेही गुणलं तरी शून्यच.

शेतात बसलेल्या जुन्या कार्डांमध्ये दोष नव्हता, हेही तेव्हाच उमगलं. त्यांच्यात उतरलेला यंत्राचा कोड शुद्ध होता आणि तो काही बदलणार नव्हता. खोटी होती ती घोषणा, आणि घोषणा फक्त माझ्या लॅपटॉपवरच्या फाईलमध्ये असते. चिपमध्ये तिचा मागमूस राहत नाही. सीमधला दोष तपासणीत सापडेल अशी आशा तरी असते. इथे तपासायची वस्तू आणि चुकीची वस्तू एकाच ठिकाणी नसतात. "चालतंय ना?" हा आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा दाखला, आणि इनलाइन असेम्ब्लीच्या घोषणेबाबत त्याची किंमत शून्य. ती फक्त वाचूनच तपासता येते. प्रत्येक सूचना, तिने काय वाचलं, काय लिहिलं, कोणत्या क्रमाने. बोट ठेवून.

असेम्ब्लीच नको, असं मी यावरून म्हणणार नाही. काही कामं सीमध्ये खात्रीने होतच नाहीत. बॅकवॉटरच्या काठावर पाण्याची पातळी बघायला मी एक छोटी पेटी केली आहे, ती बॅटरीवर चालते. बहुतेक वेळ झोपलेली, अधूनमधून उठून मोजते. चिप झोपली की तिचा खर्च मायक्रोअँपिअरमध्ये येतो, पण व्होल्टेज पडलं का हे बघणारा ब्राउनआउटचा पहारेकरी जागा ठेवला तर तो एकटाच वीसेक मायक्रोअँपिअर खातो. वर्षाचे झाले पावणेदोनशे मिलिअँपिअर-तास, म्हणजे नुसत्या राखणीपायी गेले. झोपताना त्याला बंद करायची सोय नावाच्या शेवटी पी असलेल्या चिपमध्ये आहे. पण चुकून बंद होऊ नये म्हणून तिला कुलूप घातलेलं: एका रजिस्टरातले दोन बिट आधी एकदम चढवायचे, आणि मग घड्याळाच्या चार ठोक्यांच्या आत त्यातला एक ठेवून दुसरा उतरवायचा. त्यानंतर तीन ठोक्यांत झोपेची सूचना यायला हवी. सीमध्ये लिहिलं आणि कंपायलरची काटकसर चालू असली तर बहुधा जमून जातं. दोष शोधण्यासाठी ती काटकसर बंद केली की दोन लिहिण्यांच्या मध्ये तो इतक्या सूचना घुसडतो की चार ठोके कधीच निघून जातात, आणि कुलूप गुपचूप परत लागतं. बॅटरी लवकर संपते, एवढंच कळतं.

एव्हीआर-लिबसी या लायब्ररीत यासाठी तयार मॅक्रो आहे आणि ऑपरंड कसे लिहावेत हे शिकायला मला तो फार आवडतो. उत्तराची घोषणा =, &, आणि डी अशी. डी अक्षराचा अर्थ १६ ते ३१ मधलंच रजिस्टर हवं, कारण आत ज्या दोन सूचना आहेत त्या स्थिर संख्येबरोबर काम करतात आणि या चिपमध्ये तशा सूचना खालच्या सोळा रजिस्टरांना चालतच नाहीत. इथे नुसतं कुठलंही रजिस्टर म्हणजे आर लिहिलं तर कंपायलर एखाद्या दिवशी रजिस्टर ५ देईल आणि असेम्बलर ओरडेल. ओरडेल हे बरं. निदान कळेल. रजिस्टरचा पत्ता आत देताना आय हे अक्षर, म्हणजे ० ते ६३ मधली स्थिर संख्या, कारण इन आणि आउट या सूचनांची झेप ६४ पत्त्यांपुरतीच आहे. बाकी किमतीही स्थिर, त्या रजिस्टर अडवत नाहीत, म्हणजे & खरं तर लागत नाही. तरी लिहिलेलं आहे. लिहिणारा नक्कीच कधीतरी पोळलेला असणार.

ही अक्षरं कुणी हौसेने शोधलेली नाहीत. रिचर्ड स्टॉलमनचा जीसीसी १९८७पासून आहे, आणि एखाद्या चिपच्या सूचना स्वतःला ओळखीच्या करून घ्यायला तो आतून हीच अक्षरं वापरतो. इनलाइन असेम्ब्लीत आपल्याला त्याच्या माजघरातलीच भांडी वापरायला दिली आहेत. त्यामुळे नवख्याला ती दुर्बोध वाटतात, आणि त्याबद्दल कुणी दिलगिरीही व्यक्त करत नाही.

तिसऱ्या कोलनपलीकडच्या यादीत मेमरी हा एक शब्द लिहिता येतो, आणि त्याच्याबद्दल गैरसमज फार आहेत. एव्हीआर-लिबसीत इंटरप्ट बंद करण्याची सूचना त्या शब्दासकट लिहिलेली आहे. अर्थ असा की या ओळीच्या पलीकडे मेमरीतली कुठलीही किंमत जुनी समजून चालू नकोस, आणि मेमरीतलं लिहिणं-वाचणं या रेषेच्या अलीकडे-पलीकडे सरकवू नकोस. ते का लागतं? माझ्या कार्डात वेळ मोजणारी सोळा बिटांची संख्या इंटरप्ट वाढवत असतो. आठ बिटांची चिप ती दोन घासांत वाचते. २५५ असताना खालचा बाइट वाचला, तेवढ्यात इंटरप्टने २५६ केले, मग वरचा वाचला, की हातात येतात ५११. लाईट आल्यावरचा उशीर मोजताना असं झालं तर मोटर नको त्या वेळी उठते. म्हणून वाचण्यापुरता इंटरप्ट बंद. पण मेमरी हा शब्द मेमरीपुरताच असतो. एखादा भागाकार केवळ रजिस्टरांत होत असेल तर कंपायलर तो उचलून बंद-चालूच्या मधोमध आणून ठेवू शकतो. एव्हीआरला भागाकाराची सूचना नाही, फंक्शन बोलवावं लागतं, आणि तेवढा वेळ इंटरप्ट ताटकळत बसतात. लायब्ररीच्या माहितीपत्रातच हे उदाहरण दिलेलं आहे. लोक वाचत नाहीत.

उन्हाळ्यात पॉलिटेक्निकची मुलं माझ्याकडे शिकायला येतात. त्यांतली काही आर्डुइनोवर वाढलेली, त्यांना रजिस्टर म्हणजे हजेरीचं. काही ८०५१ परीक्षेपुरता घोकलेली. ती इनलाइन असेम्ब्लीत बेधडक रजिस्टर २४ असं नावाने लिहितात आणि तिसऱ्या कोलननंतरच्या यादीत त्याचा उल्लेखही करत नाहीत. त्यांना मी ती चार वेढ्यांची जुनी आकडेवारी देते आणि कागद-पेन्सिल. लॅपटॉप नाही. कच्चा आकडा आणि गुणक सांगते, सूचना देते, घोषणा देते, आणि विचारते: ६.४ कसे आले? तीन वेढ्यांचा हा आकडा जवळजवळ बरोबर असतो आणि तोच सगळ्यात जास्त छळतो. चुकीच्या रजिस्टरातून बरोबर दिसणारं उत्तर कसं निघतं हे ज्याने स्वतः काढून बघितलं, त्याला & कशासाठी ते पुन्हा सांगावं लागत नाही.

कार्डातला तो गुणाकार मी दुरुस्त करून ठेवला नाही, काढूनच टाकला. दोष एका चिन्हाने गेला असता. पण त्या ओळी अॅटमेगा ८च्या आठ किलोबाइटसाठी लिहिलेल्या होत्या आणि आता चिपमध्ये ३२ आहेत. जागेची ओढाताण संपली तरी ओळी तशाच राहतात, त्यांच्याभोवती थोडा दराराही जमतो, हात लावायला कुणी धजत नाही. मी भागाकार २५६वरून ६४वर आणला. १०२३ गुणिले ६४ म्हणजे ६५४७२, सोळा बिटांत मावतात. साधी सी, एक ओळ. गुणक २००चा झाला ५०. बारकावा चौपटीने कमी झाला, पण मोटर कोरडी चालली की करंट टक्क्या-दोन टक्क्यांनी पडत नाही, चांगला तिसरा हिस्सा किंवा निम्मा पडतो.

कटकट उरली ती जुन्या कार्डांची. रब्बी सुरू व्हायच्या आधी ती दुरुस्तीला येतात, कुणाचा रिले चिकटलेला, कुणाच्या पेटीत मुंग्यांनी घर केलेलं, आणि त्यांच्या ईईप्रॉममध्ये गुणक २५६च्या हिशेबातला असतो. नवा प्रोग्राम टाकला की तो गुणक चारने भागून परत लिहावा लागतो, आणि एकदाच. दुसऱ्यांदा भागला तर मोटर पुन्हा कोरडी दिसेल. म्हणून ईईप्रॉमच्या पहिल्या बाइटमध्ये आवृत्तीची खूण ठेवली आहे. परवा एका मुलाने विचारलं की गुणक २०१ असेल तर ५० करायचे की ५१? ५०. पाव टाकून दिला तर अर्धा टक्का चुकतो, आणि तेवढं आमच्या टाँग टेस्टरलाही दिसत नाही.